विषाणूची बाराखडी आणि जुनी हाडे

तुमच्या घरात साठीच्या पुढचे कोणी माणूस असेल, तर त्याचा हात पाहा. दंडावर किंवा मनगटाच्या वर रुपयाएवढा गोल, खोलगट वण दिसेल. तो देवीच्या लशीचा वण. आमच्याही हातावर तो आहे. लहानपणी टोचणारा आला की आम्ही भाताच्या ढोलीमागे लपून बसत असू. (डाव्या खांद्याजवळ लहान वण असतो तो क्षयाच्या लशीचा. तो तरण्या पोरांनाही असतो. त्याची गल्लत करू नका.)

आज देवी कुणाला येत नाहीत. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. पुढे १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. रोग गेला, म्हणून लस थांबली. तेव्हापासून जन्मलेल्यांच्या हातावर तो वण नाही.

रोग गेला, पण एक प्रश्न राहिला. देवी माणसाला केव्हापासून येत होत्या? शंभर वर्षांपासून की हजार वर्षांपासून? मेलेल्या माणसाला हे विचारता येत नाही. पण त्याच्या हाडाला विचारता येते, असे आता शास्त्रज्ञ म्हणतात. ही गोष्ट आम्हाला प्रथम खोटी वाटली. मग समजून घेतली. ती तुम्हाला सांगतो. ती सांगता सांगता आपल्या गडचिरोलीच्या जंगलापर्यंत यावयाचे आहे.

तुम्ही नुकतीच अक्षरे शिकलात. म्हणून तुम्हाला हे लवकर कळेल.

प्रत्येक जिवाच्या शरीरात त्याची घडण लिहून ठेवलेली असते. धान असो, बैल असो, माणूस असो. हे लिखाण शाईचे नाही. ते फार बारीक धाग्यावर असते. त्या धाग्याला डीएनए म्हणतात. आपल्या मराठीत किती अक्षरे, आणि वर काना, मात्रा, वेलांटी! त्या धाग्यावर मात्र चारच अक्षरे आहेत. तीच पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या क्रमाने येतात. माणसाचे लिखाण सुमारे ३०० कोटी अक्षरांचे आहे.

विषाणूजवळही असेच लिखाण असते, पण फार थोडे. देवीच्या विषाणूचे लिखाण दोन लाखांच्या आत. काहींचे तर दहा-पंधरा हजारच. विषाणू एवढा लहान असतो की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. तो स्वतः खात नाही, पीत नाही, वाढत नाही. तो आपल्या शरीरात शिरतो आणि शरीराकडून आपल्या लिखाणाच्या नकला करून घेतो. एकाचे हजार, हजाराचे लाख. आपल्याला ताप येतो तो या धांदलीत.

आता नक्कल म्हटली की चूक आलीच. वर्गात आम्ही फळ्यावर एक ओळ लिहीत असू आणि चाळीस मुले ती पाटीवर उतरवीत. कुणाचा काना राही. कुणी ‘घर’चे ‘धर’ करी. आता समजा, पहिल्या मुलाची पाटी पाहून दुसऱ्याने लिहिले, दुसऱ्याची पाहून तिसऱ्याने. पहिल्याची चूक दुसऱ्याकडे जाणार. दुसरा आपली एक भर घालणार. शेवटच्या बाकावरची पाटी पाहिली की मास्तर ओळखतो, कोणी कुणाचे पाहून लिहिले. आम्ही असे पुष्कळ चोर धरले आहेत!

शास्त्रज्ञ हेच करतात. दोन ठिकाणचे विषाणू घेतात. त्यांची अक्षरे शेजारी शेजारी मांडतात. सारख्या चुका असल्या म्हणजे दोघे एका घरचे. फरक थोडा असेल तर वाटणी अलीकडची. फरक पुष्कळ असेल तर वाटणी फार जुनी. वर्षाला साधारण किती चुका होतात हे कळले, की वाटणी किती वर्षांपूर्वी झाली याचाही अंदाज निघतो.

बहुतेक चुका फुकट जातात. काही विषाणूलाच मारतात. एखादी मात्र त्याच्या पथ्यावर पडते. कोरोनाच्या वेळी डेल्टा आणि ओमायक्रॉन ही नावे तुम्ही ऐकली ना? ते याच चुकांनी तयार झालेले विषाणू. डेल्टाचे पहिले नमुने आपल्याच देशातले, २०२० सालच्या ऑक्टोबरातले.

तर देवीकडे परत येऊ. मेल्यावर माणसाचे मांस जाते, हाडे आणि दात राहतात. त्यांत डीएनएचे तुकडे अडकून राहतात. २०२० साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी जुन्या थडग्यांतली हाडे व दात तपासले. त्यांत अकरा माणसे अशी निघाली की ती सन ६०० ते १०५० या काळात होऊन गेली होती आणि त्यांच्या अंगात देवीचा विषाणू होता. ज्ञानेश्वर महाराजांच्याही आधीचा काळ हा! त्यापूर्वी वाचलेला सर्वांत जुना देवीचा विषाणू सतराव्या शतकातला होता. लिथुआनिया नावाच्या देशात एका मुलाच्या वाळलेल्या देहात तो सापडला होता. म्हणजे एका शोधाने आपण एकदम सहाशे-हजार वर्षे मागे गेलो. आणखी गंमत अशी की, त्या जुन्या विषाणूची जात वेगळीच निघाली. विसाव्या शतकातल्या देवीची ती सरळ आजी नव्हे, चुलतआजी. ती शाखा केव्हाच बुडाली.

पण प्रत्येक विषाणूचे लिखाण असे टिकत नाही. हे नीट ध्यानात घ्या. पुढची सारी गोष्ट यावर आहे.

देवीचा विषाणू डीएनएवर लिहिलेला. डीएनए म्हणजे ताम्रपट म्हणा. गोवर, कोरोना, चिकुनगुन्या यांचे लिखाण दुसऱ्या धाग्यावर असते. त्याला आरएनए म्हणतात. तो पाटीवरच्या पेन्सिलीसारखा. बोट फिरले की पुसला. या विषाणूंच्या नकलांत चुकाही जास्त, म्हणून ते बदलतातही भराभर. माणूस मेला की असे लिखाण थोड्याच वेळात तुटून जाते. हाडात ते शोधू गेले तर सहसा काही मिळत नाही.

मग गोवराचे जुने लिखाण कसे मिळाले? जर्मनीतल्या बर्लिन शहरात १९१२ साली, ३ जूनला, दोन वर्षांची एक मुलगी गोवराने वारली. छातीत न्यूमोनिया झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसाचा तुकडा औषधी पाण्यात, फॉर्मॅलिनमध्ये, बरणीत घालून ठेवला. शंभर वर्षे ती बरणी फळीवर राहिली. मग शास्त्रज्ञांनी त्यातला कणभर भाग घेतला, त्याला पाणी उकळण्याइतकी उष्णता देऊन लिखाण मोकळे केले आणि वाचले. २०२० साली ते प्रसिद्ध झाले.

त्यातून काय कळले? गोवराचा विषाणू आणि बुळकांडीचा विषाणू हे भाऊबंद आहेत, हे आधीच माहीत होते. बुळकांडी म्हणजे गुरांची साथ. जुन्या लोकांना ती आठवत असेल. गोठेच्या गोठे रिकामे होत. देवीसारखीच तीही आता जगातून गेली आहे. २०११ साली तसे जाहीर झाले. तर या दोघांची वाटणी केव्हा झाली? बर्लिनच्या मुलीचे लिखाण जमेस धरून हिशेब केला, तेव्हा ती अडीच हजार वर्षांपूर्वीही झाली असू शकेल असे निघाले. म्हणजे जवळजवळ गौतम बुद्धाच्या काळात. त्याच सुमारास जगात मोठी नगरे वसू लागली होती. गोवराला मोठी वस्ती लागते. लहान गावात तो येतो, सगळ्या पोरांना होतो, मग धरायला नवे पोर उरत नाही आणि तो विझतो. लाखोंच्या वस्तीत रोज नवी पोरे जन्मतात, तिथे तो कायम राहतो. गुरांपासून तो माणसात आला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. गाईम्हशींवर त्याचा दोष नाही. आपणच त्यांना दावणीला बांधून जवळ राहिलो. गोवराची लस मात्र आपल्या लेकरांना वेळेवर द्या. ती दवाखान्यात फुकट मिळते.

इथवर सारे परमुलखातले झाले. आपल्याकडे काय?

आपल्याकडे अडचण उन्हाची. हाडातले लिखाण थंडीत टिकते. ऊन आणि ओल यांनी मोडते. हिमालयात रूपकुंड म्हणून तळे आहे, पाच हजार मीटर उंचीवर. तिथे बर्फात पडलेल्या सांगाड्यांपैकी ३८ माणसांचे लिखाण मिळाले. उलट हरियाणातल्या राखीगढीची गोष्ट ऐका. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी उत्खनन केले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे नगर ते. साठाहून अधिक सांगाड्यांचे नमुने तपासले. कानामागचे हाड फार घट्ट असते, त्यात लिखाण जास्त टिकते, म्हणून तेच घेतले. तरी वाचण्याजोगे लिखाण मिळाले एका बाईच्या हाडात. एकाच! २०१९ साली ते प्रसिद्ध झाले. साठ पोती पाखडून ओंजळभर दाणे निघावे तसे हे काम. करणाऱ्यांच्या चिकाटीला आमचा नमस्कार.

आपल्या विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी येथे दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. लोखंड वापरणाऱ्या जुन्या लोकांनी आपली माणसे तिथे पुरली. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यात हिरापूरला शिळा रचून केलेल्या समाध्या आहेत. आणि भामरागडकडे माडिया लोक आजही गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. अशा जुन्या जागा काही लोक गुप्तधनासाठी खणतात. सोने मिळत नाही. हाडे मात्र विस्कटतात, उन्हात पडतात, आणि जे थोडे लिखाण उरले असेल तेही जाते. अशी खणाखणी दिसली तर तलाठ्याला किंवा ग्रामपंचायतीला सांगा. शास्त्रज्ञ आले तर त्यांनीही आधी गावाला विचारावे. ज्यांचे पूर्वज, त्यांना विचारल्यावाचून हाड उचलू नये, असे आम्हाला वाटते. पदवी मोठी असली म्हणून विचारणे सुटत नाही.

लखनौची बीरबल साहनी संस्था आणि हैदराबादची पेशीविज्ञानाची सरकारी संस्था, सीसीएमबी, इथे जुन्या हाडांतले डीएनए वाचतात. हैदराबाद आपल्या सिरोंच्याहून लांब नाही. आपल्या मातीतली हाडे वाचून जुने रोग शोधण्याचे काम अजून पुष्कळ पडून आहे.

पण आमच्या मनात जास्त सलतो तो दुसरा रोग. त्याचे लिखाण हाडात कधीच मिळावयाचे नाही.

१९६५ साली नागपूरकडे तापाची साथ होती. पुण्याला १९५२ साली स्थापन झालेली विषाणूंच्या अभ्यासाची संस्था आहे. आज तिला राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतात. तिथल्या भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांना दोन रोग्यांच्या रक्तात एक नवाच विषाणू मिळाला. चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला चांदीपुरा विषाणू असे नाव दिले. नागपूरकडचे हे नाव आता जगभरच्या शास्त्राच्या पुस्तकांत आहे. त्या वेळी तो साध्या तापाचा विषाणू वाटला. नमुना पुण्याला थंड पेटीत जपून ठेवला.

अडतीस वर्षे गेली. २००३ साली जून ते ऑगस्टमध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मुलांना मेंदूज्वर झाला. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी. पुष्कळ मुले दोन दिवसांच्या आत गेली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही साथ झाली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासले, तो चांदीपुरा निघाला. उत्तर तेलंगणात तो पुढेही दिसला. म्हणजे आपल्या गोदावरीच्या पलीकडच्याच काठचा मुलूख. २००७ साली आपल्या नागपूर विभागातल्या मुलांत तो आला. २०२४ साली गुजरातेत.

आता पुण्याच्या लोकांनी काय केले पाहा. १९६५ चा जपलेला नमुना काढला. २००३ चा त्याशेजारी मांडला. चांदीपुराचे सारे लिखाण सुमारे ११ हजार अक्षरांचे. विषाणूच्या वरच्या कवचाचे लिखाण ताडून पाहिले, तर शंभर अक्षरांत तीन-चार अक्षरांचा फरक. बाकी तोच. म्हणजे बाहेरून नवा कोणी आला नव्हता. जुनाच, थोडा बदललेला होता. त्या बदलामुळे तो जास्त मारक झाला का? दोन साथींच्या मधल्या वर्षांत तो कोठे दडून राहतो? हे अजून शोधायचे आहे. पण १९६५ ची ती कुपी फेकून दिली असती, तर हे प्रश्न विचारताही आले नसते.

चिकुनगुन्याचेही तसेच. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची साथ झाली. मग तो जणू नाहीसा झाला. २००५-०६ साली पुन्हा आला आणि गावेच्या गावे वाकून चालू लागली. लोक म्हणाले, जुना रोग परत आला. जपलेले नमुने ताडून पाहिले तर तो जुना नव्हताच. जुना आशियातल्या शाखेचा. नवा आफ्रिकेच्या शाखेचा. पुणे जिल्ह्यात यवतला २००० साली डासांत मिळालेला एक नमुना जपला होता, तोही या नव्या शाखेचा निघाला. पाहुणा साथीच्या पाच वर्षे आधीच येऊन बसला होता!

आता आमची एक आठवण सांगतो. सांगताना बरे वाटत नाही.

आम्ही तेव्हा सिरोंचा तालुक्यात मुख्याध्यापक होतो. मृग होऊन पंधरा दिवस झाले असतील. तिसरीतला एक मुलगा सकाळी शाळेत आला. दुपारी अंग तापले म्हणून घरी गेला. रात्री उलट्या, झटके. पुजाऱ्याकडे नेले. पहाटे बैलगाडी जुंपली, पण नाल्याला पूर होता. दुपारी तो गेला. दोन दिवसांनी आरोग्याची माणसे आली. मुलाच्या लहान बहिणीलाही ताप होता. त्यांनी तिचे रक्त मागितले. आजा उभा राहिला आणि म्हणाला, “पोरगा त गेला. आता पोरीचा रगत कायले पायजे तुमाले?”

सगळे आमच्याकडे पाहू लागले. मास्तर सांगतील ते ते लोक ऐकत. आम्ही खाली मान घातली. दुःखातल्या माणसाशी कसे बोलावे, हे सुचले नाही. शिवाय रक्त कशाला हवे, हे आम्हालाही धड ठाऊक नव्हते. माणसे परत गेली. सुदैवाने मुलगी बरी झाली. पण तो ताप कशाचा होता? चांदीपुरा? जपानी ताप? डोक्यात गेलेला हिवताप? आजही कुणाला सांगता येत नाही. चांदीपुराचे लिखाण आरएनएवरचे. ते मातीत उरत नाही. त्या पोराची गोष्ट कुठेच लिहिली गेली नाही.

आज कोणी विचारले, ‘रक्त कायले?’ तर आम्ही असे सांगू. रक्त अगदी थोडे घेतात, चहाच्या एका चमच्याच्या आतबाहेर. ते विकत नाहीत. ते थंड पेटीत घालून तपासणीला नेतात. कोणता रोग ते कळले, तर गावात कशाची फवारणी करावी, डासाची की वाळूमाशीची, ते ठरते. आणि लिखाण जपून ठेवले, तर पुढच्या साथीला ताडून पाहायला उपयोगी पडते. तुम्हीही त्यांना विचारा: नमुना कुठे जाणार? कशासाठी? उत्तर केव्हा मिळणार? विचारणे हा तुमचा हक्क आहे. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारा. आमच्या अनुभवात उत्तर पुष्कळदा येत नाही, आणि ही मोठी खोड आहे. रक्त देणाऱ्याला निकाल कळला नाही, तर पुढच्या खेपेला तो हात कशाला पुढे करील?

चांदीपुरा पसरवते ती वाळूमाशी. डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी. कुडाच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, ओलसर अंधारात राहते. उंच उडत नाही, उड्या मारल्यासारखी जाते. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरते. औषध लावलेली मच्छरदाणी बरी. पावसाळ्याआधी भिंतीच्या भेगा लिंपून घ्या. फवारणीवाल्याला घरात येऊ द्या. या तापावर अजून लस नाही, खास औषधही नाही. म्हणून लेकराला जोराचा ताप, उलट्या आणि झटके असे एकत्र आले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

नमुन्याच्या कुपीवर एक चिठ्ठी लावतात. तिच्यावर नाव, वय, गाव, तारीख आणि ताप कोणत्या दिवशी आला ते लिहितात. तारीख चुकली की नमुन्याची किंमत निम्मी होते, कारण सारा हिशेब वर्षांचा आणि दिवसांचा आहे. गावाचे नावही घाईत चुकते. आपल्या तालुक्यांत एकाच नावाची दोन-दोन, तीन-तीन गावे आहेत. आता तुम्हाला वाचता येते. चिठ्ठी हातात घेऊन एकदा वाचून पाहा, आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.